साठीनंतरचं तेल-तूप: स्मरणशक्तीसाठी नेमकं काय बदलायचं?

ज्येष्ठ नागरिक संघात आहारावर बोलायला गेले की व्याख्यान संपल्यावर माझ्याभोवती घोळका जमतो. कुणी पिशवीतून कॅप्सूलची बाटली काढतं, कुणी मोबाइलवर आलेला निरोप दाखवतं. ‘रोज सकाळी दोन चमचे खोबरेल घेतलं की अल्झायमर होत नाही, हे खरं का?’ ‘मुलानं अमेरिकेहून माशाच्या तेलाच्या गोळ्या पाठवल्यात, घेऊ ना?’ ‘आम्ही माळकरी, आम्हाला ओमेगा-३ कुठून मिळायचं?’ ‘आई सांगायची तुपानं बुद्धी तल्लख होते, डॉक्टर म्हणतात तूप बंद. ऐकायचं कुणाचं?’

या प्रश्नांमागची भीती मी ओळखते. आपल्याच माणसांची नावं उद्या आठवणार नाहीत, ही ती भीती. ती अनाठायी म्हणता येत नाही. आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून पुढे आला. शंभर ज्येष्ठांमध्ये सात-साडेसात, असं ते प्रमाण पडतं.

म्हणून आधीच स्पष्ट सांगते. कुठलंही एक तेल, एक बी किंवा एक गोळी विसरणं थांबवत नाही. पण तेल-तुपाचा मेंदूशी संबंध जरूर आहे, आणि आजवरच्या पुराव्यांतला भक्कम भाग रक्तवाहिन्यांशी निगडित आहे. हृदयाच्या वाहिन्या ज्यानं खराब होतात, त्यानंच मेंदूच्याही होतात. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ-आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्या यादीत मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल तेव्हा नव्यानं आलं. तुमच्या ताटातलं तूप, साय आणि तेल या एलडीएलवर थेट परिणाम करतात. तेव्हा ‘मेंदूसाठी आणखी काय खाऊ?’ याआधी ‘कशाच्या जागी काय आणू?’ हे ठरवा. जुनं तसंच ठेवून वर दोन चमचे नवं घालण्यानं काही साधत नाही, वजन मात्र वाढतं.

स्वयंपाकघरात शिरण्यापूर्वी: विसरणं साधं आहे का?

हा मुद्दा मी मुद्दाम पहिला घेते, कारण आमच्या घरात तो शेवटी आला. माझे मोठे काका पूर्ण शाकाहारी, पंधरा वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी घेणारे. सत्तरीत त्यांना विसरायला होऊ लागलं, चालताना तोल जायला लागला. घरच्यांनी भिजवलेले अक्रोड सुरू केले, मग खोबरेल तेल. सहा-सात महिने त्यात गेले. शेवटी रक्त तपासलं तेव्हा बी-१२ तळाला गेलेलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि काका बरेच सावरले, पण पायांची बधिरता पूर्ण गेली नाही. ते सहा महिने मला आजही टोचतात.

म्हणून पुढचं काही दिसलं तर आहार बदलण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा:

- ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचा नेहमीचा हिशेब न जमणं, रोजचा स्वयंपाक करताना क्रम विसरणं.
- तोच प्रश्न तासाभरात तीन-चारदा विचारणं आणि विचारल्याचं आठवत नसणं.
- स्वभाव बदलणं, कुणातच न मिसळणं, कारण नसताना संशय घेणं.
- एक-दोन दिवसांत अचानक गोंधळल्यासारखं वागणं. हे तर त्याच दिवशी दाखवा. मूत्रमार्गाचा संसर्ग, सोडियम घटणं, नवं औषध किंवा पक्षाघात यांपैकी काहीही असू शकतं.

तपासण्यांत बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम आणि लिपिड प्रोफाइल आहेत का ते विचारा. रक्तदाब आणि कानांची तपासणीही करून घ्या. कमी ऐकू येणारा माणूस अनेकदा विसरभोळा समजला जातो. खिन्नतेनंही स्मरण मंदावतं. घेत असलेली सगळी औषधं, अगदी झोपेची आणि आम्लपित्ताची गोळीसुद्धा, पिशवीत घालून सोबत न्या.

महिन्याला किती तेल संपतं, ते आधी मोजा

बैठं आयुष्य असलेल्या माणसाला दिवसाला वरून घातलेलं तेल-तूप मिळून २० ते २५ ग्रॅम पुरतं, म्हणजे चार-पाच छोटे चमचे. रोज चमचे कोण मोजणार? त्यापेक्षा महिन्याचा हिशेब सोपा. दोघांच्या घरात तेल आणि तूप धरून महिन्याला साधारण दीड लिटर पुरायला हवं. पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. दोन महिने एवढंच करा. बहुतेक घरांत आकडा अडीच-तीन लिटरच्या घरात निघतो आणि मग कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता कुठलं तेल? तेलांचा स्वभाव थोडक्यात असा:

- शेंगदाणा: जवळपास निम्मा भाग ऑलिव्हमध्ये असतो तशा प्रकारच्या स्निग्धाचा. रोजच्या भाजी-आमटीला चांगलं. ओमेगा-३ जवळजवळ नाही.
- करडई आणि सूर्यफूल: यांत मुख्यतः ओमेगा-६. तुपाच्या किंवा पामतेलाच्या जागी आले तर एलडीएल उतरायला मदत होते. ओमेगा-३ यांतही नाही.
- सोयाबीन: सुमारे ७ टक्के ओमेगा-३. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या तेलांत हे लक्षात घेण्याजोगं.
- मोहरी: ओमेगा-३ साधारण १० टक्के. पण चव सगळ्यांना रुचत नाही आणि तिच्यात इरुसिक आम्ल बरंच असतं, म्हणून सगळा स्वयंपाक एकट्या मोहरीच्या तेलावर नेऊ नका.
- पामतेल: जवळपास निम्मं संपृक्त. तुम्ही विकत आणत नसाल, तरी फरसाण आणि बिस्किटांतून ते घरात येतंच.

माझा सल्ला असा: एकाच तेलाला धरून बसू नका. एक पिशवी शेंगदाण्याची, ती संपली की सोयाबीनची, असं आलटून-पालटून वापरा. राष्ट्रीय पोषण संस्थाही स्निग्ध पदार्थ वेगवेगळ्या स्रोतांतून घ्यायला सांगते. ‘ओमेगा-६ म्हणजे मेंदूला विष’ असा निरोप सध्या फिरतो आहे, त्यानं घाबरू नका. करडईचं तेल सोडून सगळं तुपात करायला लागणं हे रक्तवाहिन्यांच्या दृष्टीनं मागे जाणं आहे.

लाकडी घाण्याच्या तेलाबद्दल फार विचारलं जातं. वास आणि चव सुरेख असते, हे मान्य. पण घाणा लाकडाचा असला म्हणून शेंगदाण्याचं तेल बदलत नाही, त्यातल्या स्निग्धांचं प्रमाण तेच राहतं. परवडत असेल तर जरूर घ्या, फक्त ‘घाण्याचं आहे, कितीही चालतं’ असं समजू नका. डब्यात ओतून दिलेलं सुटं तेल मात्र टाळा. त्यात काय मिसळलंय हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो.

तळणीचं उरलेलं तेल दिवाळीनंतर महिनाभर पुरवण्याची सवय आपल्या घरांत मुरलेली आहे. मीही तशाच घरात वाढले. एकदा तळलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. पुन्हा तळायला नको. फेस येऊ लागला, काळपट किंवा चिकट झालं तर ते टाकूनच द्या. भजी-वडे विकणाऱ्यांच्या कढईसाठीही कायदा आहे. तळून तळून खराब झालेल्या तेलातल्या ध्रुवीय घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे.

तूप, साय आणि दुपारची खारी

तुपाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग संपृक्त स्निग्धाचा. एका छोट्या चमच्यात तो तीन ग्रॅम धरा. दिवसाला १७०० ते १८०० उष्मांक खाणाऱ्या ज्येष्ठ माणसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनं दिवसाकाठी १८ ते २० ग्रॅम संपृक्त स्निग्ध चालतात. म्हणजे वरणभातावरचं चमचाभर तूप किंवा पुरणपोळीवरची धार हा मुळीच प्रश्न नाही. तुपाला उगाच गुन्हेगार ठरवलेलं मला पटत नाही. ते बुद्धी वाढवतं असं म्हणायलाही आधार नाही.

प्रश्न असतो तो न दिसणाऱ्या साठ्याचा. मलईदार दुधाच्या पिशवीत ६ टक्के स्निग्धांश असतो. त्याचा एक मोठा पेला घेतला तर दोन चमचे तुपापेक्षा जास्त संपृक्त स्निग्ध पोटात जातात. म्हशीच्या दुधाचंही तेच. ज्यांचं वजन किंवा कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्यांनी तूप सोडण्याच्या आधी दूध बदलावं. टोन्ड दुधात ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड टक्का. चहात फरक फारसा कळत नाही, दह्यात थोडा कळतो.

आणि खारी. माझ्या आईचा चारचा चहा दोन खाऱ्यांशिवाय होत नसे. दात गेलेल्या माणसाला चहात बुडवून खाता येणारा तो पदार्थ, म्हणून तो प्रिय. पण खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमची बिस्किटं यांत जातं ते वनस्पती तूप, मार्गारिन किंवा पामतेल. पूर्वी यांतून ट्रान्सफॅटही पुष्कळ जायचं. १ जानेवारी २०२२ पासून ते एकूण स्निग्धांच्या २ टक्क्यांपुढे नसावं असा नियम आहे. पाकिटावर ‘ट्रान्सफॅट ०’ दिसलं तरी त्याच्या वरची ‘सॅच्युरेटेड फॅट’ची ओळ वाचा. गल्लीतल्या बेकरीच्या सुट्या मालावर ओळच नसते. तिथे ‘यात कोणतं तूप घालता?’ हे सरळ विचारा.

आईसाठी आम्ही खारीच्या जागी काय काय करून पाहिलं, ते सांगते, कारण नुसतं ‘बंद’ म्हणून म्हाताऱ्या माणसाचं तोंड बांधता येत नाही. राजगिऱ्याची वडी चिकटली. कुरमुऱ्यांचा चिवडा चावला नाही. शेवटी चमचाभर शेंगदाण्याचा कूट आणि गूळ घालून मऊ पोह्यांचा लाडू, तो तिला आवडला. तुमच्या घरात वेगळं काही निघेल. पण चारच्या चहाला दुसरं काहीतरी ताटलीत असलंच पाहिजे.

खोबरेल तेलाचा उपाय

साधारण २००८ नंतर अमेरिकेतून हा विचार जगभर पसरला. खोबरेल तेलातल्या मध्यम लांबीच्या स्निग्धांपासून शरीरात कीटोन तयार होतात आणि साखर नीट वापरू न शकणाऱ्या मेंदूला ते इंधन म्हणून मिळतं, अशी त्यामागची कल्पना. कल्पना लक्ष वेधणारी आहे. पण खोबरेलानं आजार थांबतो हे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. उलट या तेलाचा ८० ते ९० टक्के भाग संपृक्त आहे आणि इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत ते एलडीएल वाढवतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. दोन मोठे चमचे रोज घेतलेत तर दिवसाची सगळी मर्यादा तिथेच संपते.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी यातून नारळ सोडायचा, असा अर्थ काढू नये. आमटीत वाटलेलं ओलं खोबरं वेगळं आणि उपाशीपोटी औषध म्हणून प्यायलेलं तेल वेगळं.

मासे खाणाऱ्यांसाठी

मेंदूच्या पेशींच्या आवरणात डीएचए नावाचं ओमेगा-३ भरपूर असतं आणि ते आयतं मिळतं माशांतून. शिकागोमध्ये ६५ वर्षांवरच्या ८१५ लोकांचा अभ्यास झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा तरी मासे खाणाऱ्यांमध्ये अल्झायमरचा धोका न खाणाऱ्यांपेक्षा ६० टक्क्यांनी कमी दिसला. त्यातल्या किती फरकाचं श्रेय माशाला आणि किती मासे खाणाऱ्यांच्या बाकीच्या राहणीला, हे अशा अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. तरीही मासे खात असाल, तर ते खात राहायला हे कारण पुरेसं आहे.

पापलेटचा मान मोठा, पण ओमेगा-३ च्या हिशेबात तारली आणि बांगडा पुढे, आणि दोन्ही कितीतरी स्वस्त. रावस, सुरमईही चांगले. बोंबलात मुळात चरबीच कमी, त्यामुळे ओमेगा-३ ही कमी. विदर्भ-मराठवाड्यातल्या रोहू-कटल्यातून थोडं मिळतं, समुद्री तेलकट माशांइतकं नाही. आठवड्यातून दोन वेळा, दर वेळी तळहाताएवढा तुकडा, इतकं पुरे. काही गोष्टी सांभाळा:

- रवा लावून तेलात तळण्यापेक्षा कालवण करा. तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण, तारल्यांचं तिखलं, किंवा केळीच्या पानात भाजलेला मासा. तळणीत माशाचं तेल कढईत उतरतं आणि कढईतलं माशात शिरतं.
- १ जूनपासून मासेमारीबंदी लागली की बर्फातला मासा चालतो. सुक्या माशाची सवय वाढवू नका. त्यातलं मीठ रक्तदाब चढवतं, आणि चढलेला रक्तदाब मेंदूला कुठल्याही तेलापेक्षा जास्त घातक आहे.
- मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. ते रोजचे करू नका.
- कवळी असलेल्या, गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला तारली देताना काटे आधी वेगळे करून द्या. घशात काटा अडकण्याची भीती खरी आहे.

ज्यांनी आयुष्यात कधी मासे खाल्ले नाहीत, त्यांना सत्तरीत जबरदस्तीनं खायला लावू नका.

माळकरी, जैन आणि इतर शाकाहारी घरांसाठी

तुमच्याकडे ओमेगा-३ येतं ते एएलए या रूपात. शरीर त्यातला थोडा भाग पुढच्या रूपात बदलतं, आणि डीएचए तर फारच कमी बनतं, एका टक्क्याच्या आसपास. म्हणून ‘जवस खाल्लं की मासे खाल्ल्यासारखंच’ असं म्हणता येणार नाही. तरीही एएलए शरीराला लागतंच, दिवसाला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम.

इथे एक गैरसमज मला घरोघरी भेटतो. आपल्या ताटात तीन-चार चटण्या फिरत असतात आणि ‘सगळ्या तेलबिया सारख्याच’ असं धरलं जातं. शेंगदाणा, तीळ, कारळे चवीला आणि पोषणाला उत्तम, पण ओमेगा-३ त्यांत नावापुरतंच. ते भरपूर आहे जवसात, ज्याला कुठे अळशी म्हणतात. दळलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सात ग्रॅममध्ये, दीड ग्रॅमच्या आसपास एएलए असतं. दिवसाची गरज तेवढ्यानं भागते. चार अख्ख्या अक्रोडांतून सव्वा ग्रॅमपर्यंत मिळतं, पण त्यांचा भाव तुम्हाला ठाऊक आहे. पेन्शनवर चालणाऱ्या घरानं अक्रोडांसाठी ओढाताण करण्याचं काहीच कारण नाही.

विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी रोजची, बाकीच्यांनी ती अशी सुरू करावी:

1. जवस निवडून मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा. काळं होऊ देऊ नका.
2. दळूनच खा. अख्खं बी न पचता तसंच बाहेर पडतं.
3. आठ-दहा दिवसांपुरतंच दळा, घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये ठेवा. रंगाच्या डब्यासारखा वास आला की ते खवट झालं, टाकून द्या.
4. अर्ध्या चमच्यानं सुरुवात करा, एका मोठ्या चमच्यावर थांबा. दिवसभर पाणी पुरेसं प्या, नाहीतर पोट धरतं.
5. गोळ्या आणि जवस यांत तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. त्यातल्या चोथ्यामुळे औषध शोषलं जायला अडथळा येऊ शकतो.
6. चटणीत मीठ बेतानं. भाकरीच्या पिठात किंवा ताकात पूड घातली तर मिठाचा प्रश्नच येत नाही.

जवसाचं तेल गरम करू नका, फोडणीला तर मुळीच नको. पावसाळ्यात घोळ मिळाली तर आणा. पालेभाज्यांत थोडंफार ओमेगा-३ देणारी ती भाजी आहे.

डीएचए हवंच असेल तर शैवालापासून काढलेलं तेल मिळतं. मासे ते शैवालातूनच मिळवतात. पण कॅप्सूलचं बाहेरचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असू शकतं. पाकिटावर हिरवा ठिपका आहे का ते बघा, तपकिरी त्रिकोण असेल तर ते मांसाहारी.

आणि शाकाहारी वाचकांनो, ओमेगा-३ च्या आधी बी-१२ तपासा. काकांची गोष्ट मी उगाच सांगितली नाही.

कॅप्सूल घेण्याआधी

या गोळ्या मेंदूला वाचवतात का, हे पाहणारे मोठे प्रयोग झालेले आहेत. फ्रान्समध्ये सत्तरी ओलांडलेल्या १,६८० लोकांवर तीन वर्षं प्रयोग झाला. रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए देऊनही स्मरणशक्तीत ठळक फरक पडला नाही. अल्झायमर झालेल्या ४०२ रुग्णांना अमेरिकेत दीड वर्ष रोज २ ग्रॅम डीएचए किंवा दिसायला तशीच निष्क्रिय गोळी दिली, डीएचए घेणाऱ्यांचाही आजार तितक्याच वेगानं पुढे गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी ओमेगा-३ सारखी स्निग्ध पूरकं, ब आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवू नयेत. (बी-१२ ची कमतरता रक्तात सापडली असेल तर तो उपचार आहे, त्याला हे लागू नाही.)

फायदा नाही तरी तोटा काय, असं विचाराल. तोटा आहे. सात प्रयोगांतल्या ८१ हजार लोकांची माहिती २०२१ साली एकत्र तपासली गेली. दिवसाला १ ग्रॅमपेक्षा जास्त ओमेगा-३ घेणाऱ्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचं, प्रमाण जवळपास दीडपट निघालं. आणि या विकारातूनच मेंदूत गुठळी जाऊन पक्षाघात होतो. ज्या भीतीपोटी गोळी सुरू केली, तीच समोर येऊ शकते.

तरीही बाटली घरात असेलच, तर:

- पुढच्या बाजूला ‘१००० मिलिग्रॅम’ असतं ते माशाच्या तेलाचं वजन. मागे ईपीए आणि डीएचए वेगळे लिहिलेले असतात, साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० आणि १२०. तुमच्या कामाचा आकडा ३००, हजार नव्हे.
- रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, ठोके कधी अनियमित झाले असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कॅप्सूल नको.
- कॉड लिव्हर ऑइल वेगळं. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि म्हातारपणी ते जास्त झालं तर हाडांना बाधतं.
- ट्रायग्लिसराइड वाढले म्हणून डॉक्टरांनीच ओमेगा-३ लिहून दिलं असेल तर मनानं बंद करू नका.
- ‘आहार बदलला, आता कोलेस्टेरॉलची गोळी नको’ असंही करू नका. या गोळीनं, म्हणजे स्टॅटिननं, स्मरणशक्ती जाते ही भीती मोठ्या प्रयोगांत खरी ठरलेली नाही. शंका असेल तर ती डॉक्टरांपुढे बोलून दाखवा.

फसवणूक झाली तर तुमचे हक्क

‘स्मरणशक्ती परत आणणारं तेल’ असल्या जाहिराती ज्येष्ठांनाच लक्ष्य करतात आणि घरच्यांना कळेपर्यंत पेन्शनचे हजारो रुपये गेलेले असतात. लाज वाटून गप्प बसू नका.

- अन्नपदार्थाच्या आणि पूरकांच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक हवाच. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तो पडताळता येतो, तक्रारही करता येते.
- पूरकाच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नाही, असं छापावं लागतं. तसं छापून विक्रेता तोंडी ‘अल्झायमर बरा होतो’ म्हणत असेल, तर तुम्हाला कळायचं ते कळलं.
- अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे.
- त्याच कायद्याच्या कलम ४० नुसार कुणीही ग्राहक फी भरून तेलाचा नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र तसं करणार असल्याचं विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. दोष निघाला तर फी परत मिळते.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही. बिल आणि पाकीट जपून ठेवा.
- घरातल्या ज्येष्ठांना कुठे जावं ते कळत नसेल तर एल्डरलाइन १४५६७.

निदान आधीच झालेलं असेल तर

वर सांगितलेली काटकसर पन्नाशी-साठीतल्या, बऱ्या वजनाच्या माणसासाठी आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या, ऐंशीच्या घरातल्या, वाळत चाललेल्या आईला ती लावू नका. इथे मी अनेक मुला-मुलींना चुकताना पाहिलं आहे. ते प्रेमापोटी तूप काढून घेतात, साय काढलेलं दूध देतात, आणि आई महिन्याला किलोभर उतरते.

या टप्प्यावर पोटात अन्न जाणं हीच पहिली गरज. मऊ भातावर तूप सढळ हातानं घाला. दूध सायीचंच द्या. शेंगदाण्याचा किंवा अक्रोडाचा बारीक कूट खिरीत, लापशीत मिसळा. अख्खे दाणे मात्र देऊ नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतात. मासे खाणाऱ्या माणसाला काटे काढलेला रावस कालवणात कुस्करून भाताबरोबर भरवा. एका वेळी ताट भरून वाढण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या, ताठ बसवून, टीव्ही बंद करून. खाताना ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज ओलसर येत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

दर महिन्याच्या एक तारखेला, एकाच काट्यावर, सकाळी चहाच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. पन्नास किलोचा माणूस महिन्यात अडीच किलो उतरला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा.